गाडीतला पेट्रोलचा काटा खोटं बोलत असेल, तर या कुलूपवाल्याच्या पोराची आठवण काढा

जगात जर्मनी, देशात परभणी.

मराठवाड्यात ही म्हण न ऐकलेला माणूस सापडणं अवघड. ती कुठून आली याच्या कट्ट्याकट्ट्यावर वेगळ्या कहाण्या आहेत आणि सांगणाऱ्या प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. त्या वादात पडायला नको. पण परभणी आणि जर्मनीला जोडणारा एक धागा असा आहे, ज्यावर कुणी वाद घालू शकत नाही. तो धागा जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डमागे, वायरींच्या गुंत्यात सापडतो.

परभणी जिल्ह्यात आजही जुन्या गाड्या जपणारी मंडळी आहेत. कुणाच्या शेतावर आजोबांची जीप आहे, कुणाच्या वाड्यात अॅम्बेसेडर नाहीतर प्रीमियर पद्मिनी उभी आहे. इंजिन ठणठणीत असतं, पण डॅशबोर्डवरचे काटे मनाचे राजे. टाकी फुल्ल केली तरी पेट्रोलचा काटा तळाला. लाईट लावली की काटा खाली, बंद केली की वर. आणि सगळ्यात घातक म्हणजे तापमानाचा काटा. मे महिन्यात पारा 42-43 च्या पुढे असताना जिंतूर रोडला इंजिन उकळायला लागलेलं असतं आणि काटा निवांत थंडीत बसलेला असतो. काट्यावर विश्वास ठेवून गाडी दामटली, तर हेड गॅस्केट उडतं आणि खिशाला मोठी चाट बसते.

अशा वेळी बहुतेक लोक पहिलं काम करतात ते म्हणजे मीटर बदलणं. नवा मीटर बसतो आणि काटा तसाच. मग टाकीतला फ्लोट बदलायचा. मग वायरिंग.

जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन मात्र आधी काहीच बदलत नाही. तो मल्टिमीटर काढतो आणि त्याची चकती घोड्याच्या नालासारखं दिसणाऱ्या एका चिन्हावर फिरवतो. ते चिन्ह म्हणजे ग्रीक अक्षर ओमेगा. त्याचा अर्थ ओहम. आणि ओहम हे एका जर्मन माणसाचं आडनाव आहे.

दहावीच्या विज्ञानात ओहमचा नियम आपण सगळ्यांनीच घोकलाय. पण हा नियम शोधणाऱ्या माणसाची स्वतःची मोजमापं आधी चुकली होती, त्याने चुकीचा नियम छापूनही टाकला होता, आणि बरोबर नियम छापल्यावर त्याला हातातली नोकरी सोडावी लागली, हे पुस्तकात नसतं.

तर कोण होता हा ओहम? त्याचं काय चुकलं होतं? आणि आपल्या गाडीच्या काट्याशी त्याचा संबंध काय? नीट बघूया.

वडील कुलपं बनवायचे, पण घरात गणित चालायचं

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म 16 मार्च 1789 चा. गाव एर्लांगेन, आज जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात आहे. गंमत म्हणजे तेव्हा जर्मनी नावाचा एकसंध देशच नव्हता. छोटी-मोठी राज्यं होती, त्यांचा एक देश व्हायला 1871 साल उजाडावं लागलं.

वडील योहान वोल्फगांग ओहम कुलपं बनवायचे. आई मारिया एलिझाबेथ एका शिंप्याची मुलगी. या जोडप्याला सात मुलं झाली, त्यातली तीनच जगली. जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली.

कुलूपवाल्याचं घर म्हटल्यावर पोरांनी हातात कानस घ्यायची, हे ठरलेलं. पण योहान वोल्फगांग वेगळा माणूस होता. औपचारिक शिक्षण नसताना त्याने स्वतः पुस्तकं वाचून गणित आणि विज्ञान शिकून घेतलं होतं आणि तेच तो संध्याकाळी पोरांना शिकवायचा. शाळेत मिळत नव्हतं ते या पोरांना घरात मिळत होतं. जॉर्ज 15 वर्षांचा असताना एर्लांगेन विद्यापीठातल्या लांग्सडॉर्फ नावाच्या प्राध्यापकाने त्याची परीक्षा घेतली. तो इतका खूश झाला की त्याने या भावांची तुलना थेट बर्नुली घराण्याशी केली. स्वित्झर्लंडच्या बर्नुली घराण्याने तेव्हा एकापेक्षा एक गणिती दिले होते. पुढे मार्टिनही गणिताचा प्राध्यापक झालाच.

वडिलांच्या कारखान्यात जॉर्जने आणखी एक गोष्ट शिकून घेतली. धातू कसा कापायचा, तार कशी ओढायची, बारीक जोडकाम कसं करायचं. त्या वेळी या हातकामाला कुणी विज्ञान म्हणत नव्हतं. पुढे त्याच्या शोधात हेच हातकाम सगळ्यात जास्त कामाला आलं.

पोरगं कॉलेजला गेलं आणि बिलियर्ड्स खेळायला लागलं

1805 साली जॉर्ज एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाला. आणि जे कुठल्याही काळात, कुठल्याही गावात होतं तेच झालं. पोरगं अभ्यास सोडून नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्समध्ये रमलं. पोटाला चिमटा काढून शिकवणाऱ्या बापाचं डोकं फिरलं. तीन सत्रांनंतर त्याने जॉर्जला विद्यापीठातून काढलं आणि 1806 मध्ये स्वित्झर्लंडला एका शाळेत गणित शिकवायला धाडून दिलं.

तिथे जॉर्ज शिकवत राहिला आणि लांग्सडॉर्फच्या सल्ल्यावरून ऑयलर, लाप्लास असे मोठे गणिती स्वतःच वाचत राहिला. 1811 मध्ये तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळवली. विद्यापीठात तीन सत्रं शिकवलंही. पण पगारात भागेना आणि पुढे बढतीची आशाही दिसेना. मग बांबर्गच्या एका सुमार शाळेत मास्तरकी. ती शाळाही 1816 मध्ये बंद पडली.

या खडतर काळात त्याने भूमितीवर एक पुस्तक लिहिलं. ते प्रशियाच्या राजापर्यंत पोहोचलं, आवडलं, आणि 1817 मध्ये कोलोन शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेत त्याला नोकरी मिळाली. या शाळेत भौतिकशास्त्राची चांगली प्रयोगशाळा होती. ओहमच्या आयुष्याला इथे वळण लागलं. तेव्हा त्याचं वय होतं 28.

जगातला पहिला काटा हलला तो 1820 मध्ये

1820 मध्ये डेन्मार्कच्या ऑर्स्टेडने एक साधी गोष्ट जगाला दाखवली. तारेतून वीज गेली की शेजारी ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलते.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण विचार करा, त्याआधी तारेतली वीज डोळ्यांना दिसत नव्हती. ऑर्स्टेडनंतर ती दिसायला लागली, सुईच्या हलण्यातून. डॅशबोर्डवरच्या विजेच्या काट्यांची सुरुवात इथून धरायला हरकत नाही.

युरोपभर लोक प्रयोगांच्या मागे लागले. कोलोनच्या शाळेतला ओहमही लागला. त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. तार लांब केली की सुई कमी हलते, हे दिसतंय. पण किती लांब केल्यावर किती कमी? याचं काही गणित आहे का?

गणित शोधायचं तर मोजायला हवं. आणि मोजायला गेल्यावर ओहमला तोच त्रास झाला, जो जुन्या गाडीच्या मालकाला होतो. काटा एका जागी थांबेना.

पहिला नियम छापला, आणि तो चुकीचा निघाला

तेव्हा वीज मिळायची ती व्होल्टाच्या बॅटरीतून. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या आणि मध्ये क्षाराचं किंवा आम्लाचं पाणी. या बॅटरीचा मोठा दोष म्हणजे तिचा दाब टिकायचा नाही. जोडल्या जोडल्या जोर असायचा, मग उतरायचा. तार थोडा वेळ काढून ठेवली की पुन्हा थोडा वर यायचा.

आता ओहमची पंचाईत बघा. त्याने लांब तार लावली आणि सुई कमी हलली. पण ती तार लांब आहे म्हणून कमी हलली, की तेवढ्या वेळात बॅटरी उतरली म्हणून? दोन गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या आणि सुई दोन्हींची बेरीज करून एकच आकडा दाखवत होती.

ओहमने यातून मार्ग काढायचा प्रयत्न केला. प्रत्येक तारेची तुलना तो एका ठरलेल्या तारेशी करत गेला. आलेल्या आकड्यांना एक सूत्र बसवलं आणि 1825 मध्ये ते छापलं. त्यात लॉगरिदम होता. सूत्र दिसायला भारदस्त होतं आणि चुकीचं होतं.

आता थोडं थांबून गाडीकडे येऊया, कारण ओहमची ही अडचण जुन्या गाडीत जशीच्या तशी भेटते.

गाडीची बॅटरी म्हणायला 12 व्होल्टची. इंजिन बंद असताना साधारण 12, चालू असताना 14 च्या आसपास, मोठे लाईट लावले की आणखी वेगळी. टाकीत पेट्रोल तेवढंच असलं तरी दाब बदलला की काटा हलणार. म्हणून अनेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डमागे एक छोटी डबी असायची, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्यात दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. ती तापली की वाकते आणि वीज तोडते, गार झाली की पुन्हा जोडते. या उघडझापीतून काट्यांना सरासरी साधारण 10 व्होल्टचा स्थिर दाब मिळतो.

ही डबी बिघडली किंवा तिचं अर्थिंग सुटलं, तर पट्टीची उघडझाप थांबते आणि बॅटरीचा सगळा दाब काट्यांवर येतो. मग पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकदम वर चढतात. इथूनच दुरुस्तीतला पहिला प्रश्न येतो. एकच काटा चुकतोय की सगळे? सगळे एकदम चुकत असतील, तर टाकी आणि इंजिन दोघांनाही दोष देऊ नका. दोष बहुतेक पाठीमागून येणाऱ्या दाबात आहे.

1825 मध्ये ओहमकडे अशी डबी नव्हती.

उकळतं पाणी, बर्फ आणि आठ तारा

त्याच्या मदतीला आला पोगेनडॉर्फ नावाचा माणूस. हा एका मोठ्या विज्ञान नियतकालिकाचा संपादक. त्याने ओहमला सुचवलं, की उतरणारी बॅटरी सोडून दे आणि सीबेकची युक्ती वापर.

1821 मध्ये झेबेक, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या सीबेकने दाखवलं होतं, की दोन वेगळ्या धातूंचे सांधे जोडले आणि एक सांधा गरम, एक गार ठेवला, तर वीज वाहते. ही वीज अगदी थोडी असते. पण जोपर्यंत गरम-गार यांतला फरक टिकतो, तोपर्यंत तिचा दाबही टिकतो.

ओहमने बिस्मथ आणि तांबं घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. ही दोन्ही तापमानं आपोआप एका जागी राहतात. म्हणजे दाब पक्का झाला. मग सारख्या जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा कापल्या. वीज मोजायला एक चुंबकसुई बारीक पट्टीला टांगली. सुई हलली की पट्टीला पीळ देऊन ती मूळ जागी आणायची आणि किती पीळ द्यावा लागला ते लिहून ठेवायचं. हे असलं नाजूक यंत्र बाजारात मिळत नव्हतं. कुलूपवाल्याच्या पोराने बापाकडून शिकलेलं सगळं कसब इथे पणाला लावलं.

1826 च्या जानेवारीत त्याने ही मोजणी केली. एक तार काढायची, दुसरी लावायची, आकडा घ्यायचा. बाकी सगळं जागच्या जागी. बदलायची ती फक्त एक गोष्ट.

या वेळी आकडे सुतासारखे सरळ आले. लॉगरिदमची गरजच उरली नाही. वाहणारी वीज म्हणजे दाब भागिले रोध, म्हणजेच रेझिस्टन्स. दाब दुप्पट केला तर वीज दुप्पट, रोध दुप्पट केला तर वीज निम्मी.

विहिरीवरच्या मोटरीचं उदाहरण घेतलं तर लगेच पटतं. मोटरीचा जोर म्हणजे दाब. पाइप जितका लांब आणि बारीक, तितकी अडवणूक जास्त. आणि शेवटी शेतात पडणारी धार म्हणजे वीज.

ओहमच्या सूत्रात आणखी एक बारीक मुद्दा होता, आणि गाडीवाल्यांसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. त्याने भागाकारात फक्त तपासायच्या तारेचा रोध धरला नाही. उरलेल्या सगळ्या मार्गाचा रोध वेगळा मांडून त्यात मिळवला. म्हणजे सुई काय दाखवते? एका तारेची नाही, ती संपूर्ण वर्तुळाची अवस्था दाखवते.

हेच सूत्र टाकीत कसं काम करतं?

पेट्रोलच्या टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. त्याला जोडलेली दांडी एका रोधाच्या तारेवर सरकते. पेट्रोल कमी-जास्त झालं की फ्लोट खाली-वर होतो आणि रोध बदलतो. मीटर ते सगळं वीज म्हणून बघतो. काट्याला पेट्रोल माहीतच नसतं.

समजा, स्टॅबिलायझर नसलेल्या गाडीत दाब 12 व्होल्ट आहे आणि वर्तुळाचा एकूण रोध 100 ओहम. वीज वाहील 0.12 अँपिअर. आता टाकीच्या बोल्टवर गंज चढला आणि त्याने 50 ओहमची भर घातली. एकूण रोध 150, वीज 0.08 अँपिअर. टाकीतला एक थेंबही न हलता वीज एक तृतीयांशाने घटली. ज्या गाड्यांत जास्त वीज म्हणजे भरलेली टाकी असा हिशेब असतो, तिथे काटा खाली येणार आणि मालक म्हणणार, पेट्रोल कुणीतरी काढलं.

जुन्या गाडीत ही गंजाची भानगड सगळ्यात जास्त होते. कारण बॉडीचाच वापर परतीची तार म्हणून केलेला असतो. पावसाळे झेललेल्या पत्र्यावर गंज, वरून रंगाचे थर, सैल झालेला स्क्रू. हे सगळं मिळून रोध वाढवतं. लाईट लावल्यावर काटा हलत असेल, तर संशय आधी अर्थिंगवर घ्यायचा. पॉलिश पेपरने जागा घासून स्क्रू आवळला की कितीतरी वेळा काम फत्ते होतं, तेही फुकटात.

अर्थिंग ठीक असेल तर पुढची पायरी. टाकीजवळची वायर काढायची. मग तिचं टोक बॉडीच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवायचं. वायर सुटी असताना रोध प्रचंड, टेकवल्यावर रोध जवळपास शून्य. म्हणजे दोन टोकाच्या अवस्था आपण मुद्दाम तयार केल्या. काटा या दोन्हींना दाद देत असेल, तर मीटर आणि तिथपर्यंतची वायर ठीक आहे, दोष टाकीतल्या युनिटमध्ये. काटा ढिम्म हलत नसेल, तर दोष मीटरकडे किंवा वायरीत.

यात दोन गोष्टी जपायच्या. एक, पेट्रोलची वाफ आणि ठिणगी यांचं वैर आहे. टाकी उघडी असताना, पेट्रोलचा वास येत असताना हे करायचं नाही, वायर टाकीपासून लांब आणून करायचं. आणि दोन, काही मीटर पट्टी तापवून काटा हलवतात, ते सावकाश हलतात. काटा सरकायला लागला की वायर लगेच काढायची. जास्त वेळ टेकवली तर चांगला मीटर जळतो.

तापमानाचा काटाही याच तत्त्वावर चालतो. इंजिनमध्ये बसवलेल्या सेन्सरचा रोध गरम झाल्यावर कमी होतो, वीज वाढते, काटा वर जातो. आता यातला धोका लक्षात घ्या. वायर तुटली तर रोध प्रचंड, वीज शून्य, आणि काटा थंड. इंजिन उकळत असतानाही काटा थंड का राहतो, याचं उत्तर बहुतेक वेळा हे असतं. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी काटा जागचा हलत नसेल, तर ते इंजिन चांगलं असल्याचं लक्षण समजू नये.

सगळेच काटे ओहमच्या हुकुमात नसतात, हेही खरं. जुन्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून आलेल्या फिरत्या केबलवर चालतो. काही गाड्यांत तापमानाचा मीटरही बारीक नळीतल्या दाबावर चालतो. तिथे मल्टिमीटर लावून काहीच हाती लागणार नाही. आणि दोन गुंडाळ्यांचे काही मीटर असतात, त्यांना दाबाच्या चढउताराचा त्रास कमी होतो. कुठल्या गाडीत भरलेल्या टाकीला रोध कमी आणि कुठल्या गाडीत जास्त, हेही कंपनीप्रमाणे बदलतं. म्हणून आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचे.

शोध लागला, नोकरी गेली

1826 मध्ये खरा नियम हाती आल्यावर ओहमला वाटलं, आता विद्यापीठाची दारं उघडतील. शाळेतून अर्ध्या पगारावर रजा घेतली, भाऊ मार्टिन बर्लिनमध्ये होता त्याच्याकडे गेला, आणि 1827 मध्ये आपलं मुख्य पुस्तक छापलं. प्रयोगावरून मिळालेल्या नियमाला त्याने या पुस्तकात गणिताचा पक्का पाया दिला.

आणि नेमका तोच आडवा आला. त्या काळात जर्मनीतल्या बऱ्याच भौतिकशास्त्रज्ञांना विजेत इतकं गणित बघायची सवय नव्हती. पोल नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने पुस्तकावर जहरी टीका केली. ज्या विद्यापीठातल्या जागेसाठी ओहमने जीव टाकला होता, ती मिळाली नाही. दुखावलेल्या ओहमने 1828 मध्ये कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला.

जरा विचार करा. वय 39. लग्न केलेलं नाही. हातात जगातल्या सगळ्या तारांना लागू पडणारा नियम आहे आणि पोटासाठी बर्लिनच्या सैनिकी शाळेत आठवड्याला काही तास गणित शिकवायचं. पाच-सहा वर्षं अशीच गेली.

सगळेच विरोधात होते असं नाही. फेक्नर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1831 मध्ये स्वतः प्रयोग करून ओहम बरोबर असल्याचं दाखवलं. फ्रान्समध्ये पुइये नावाचा शास्त्रज्ञ आपल्या प्रयोगांतून 1837 मध्ये त्याच नियमापाशी पोहोचला. त्यामुळे हा नियम आधी कुणी शोधला याची चर्चा झाली आणि ओहमचं नाव पुढे आलं.

1833 मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये ओहमला प्राध्यापकाची जागा मिळाली होतीच. पुढे तो तिथला प्रमुख झाला. आणि 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिलं. तेव्हाच्या विज्ञानजगातला हा सर्वोच्च मान. त्याच वर्षी त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरही आलं. पुस्तक छापून तोवर 14 वर्षं झाली होती.

इंग्रजांनी ओहमला एवढं डोक्यावर का घेतलं? कारण तिकडे तारयंत्राचं वारं सुटलं होतं. मैलोन्मैल तारा टाकायच्या तर किती बॅटऱ्या लागतील, तार किती जाड हवी, मध्येच कुठे तुटली तर ती जागा कशी शोधायची, हे सगळे प्रश्न पैशाचे होते. त्यांचं उत्तर ओहमच्या भागाकारात होतं. व्हीटस्टनने 1843 मध्ये रोध मोजायच्या पद्धती मांडताना ओहमचाच आधार घेतला. पुढच्या काळात तर समुद्राच्या तळाशी गेलेल्या केबलीतला बिघाड किती अंतरावर आहे, हे किनाऱ्यावर बसून रोध मोजून सांगितलं जायला लागलं. गाडीतल्या वायरीत आपण जे शोधतो, तेच काम शेकडो मैलांच्या मापात.

ओहमच्या आधीच कुणाला तरी हे कळलं होतं

या गोष्टीला एक चमत्कारिक शेपूट आहे. ओहम जन्मायच्याही आधी इंग्लंडमधला हेन्री कॅव्हेंडिश जवळपास याच निष्कर्षाला पोहोचला होता. त्याच्याकडे तर सुईही नव्हती. तो स्वतःच्या अंगातून विजेचा झटका जाऊ द्यायचा आणि झटका किती जोरात बसला यावरून अंदाज बांधायचा. म्हणजे कॅव्हेंडिश स्वतःच मीटर होता.

पण हा माणूस कमालीचा एकलकोंडा. त्याने हे कागद छापलेच नाहीत. ते उजेडात आणले मॅक्सवेलने, 1879 मध्ये. तोवर ओहमला जाऊन 25 वर्षं झाली होती.

म्हणून श्रेय ओहमचंच राहिलं. त्याने छापलं, चुकीचं छापलं होतं तेही वर्षभरात दुरुस्त केलं, आणि कुणालाही आपल्या घरी पुन्हा करून बघता येईल अशा रीतीने मांडलं.

शेवटची दोन वर्षं

1849 मध्ये ओहम म्युनिकला गेला. आणि 1852 मध्ये म्युनिक विद्यापीठात त्याला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून नेमण्यात आलं. कोलोनची नोकरी ज्या स्वप्नासाठी सोडली होती, ते पूर्ण झालं तेव्हा वय झालं होतं 63. दोनच वर्षांनी, 6 जुलै 1854 रोजी, म्युनिकमध्येच त्याचं निधन झालं.

1881 मध्ये पॅरिसला विजेच्या अभियंत्यांची आणि शास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली. प्रत्येक देशाची मापं वेगळी होती, ती एक करायची होती. तिथे रोधाच्या एककाला ओहम हे नाव पक्कं झालं. ब्रिटिशांनी ते आधीपासून वापरात आणलं होतंच. पुढे कुणीतरी गंमतही केली. रोधाच्या उलट राशीला, म्हणजे वीज किती सहज वाहते त्याला, ओहमचं इंग्रजी स्पेलिंग उलटं करून म्हो म्हटलं जायला लागलं. नंतर अधिकृत नाव सीमेन्स झालं, पण जुन्या पुस्तकांत म्हो अजून भेटतो.

आज कुठल्याही मल्टिमीटरमध्ये ओहमचा 1826 चा प्रयोग लहान करून बसवलेला आहे. रोध मोजताना मीटर स्वतःच्या सेलमधून माहीत असलेली वीज सोडतो, दाब मोजतो आणि भागाकार करून आकडा दाखवतो. म्हणूनच रोध मोजायचा तो भाग गाडीच्या वायरिंगपासून आधी सुटा करावा लागतो. बाहेरची वीज मध्ये आली, तर आकडा पुन्हा दोन गोष्टींची बेरीज होतो, ओहमच्या पहिल्या सूत्रासारखा.

त्यामुळे डॅशबोर्डवरचा काटा पुढच्या वेळी वेड्यासारखा वागला, तर क्रम एवढाच ठेवायचा. आधी दाब बघायचा, मग अर्थिंग, मग वायर, मग सेन्सर, आणि मीटर सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. ओहमला हे शिकायला एक चुकलेला नियम खर्ची घालावा लागला. आपल्याला फारतर पॉलिश पेपरचा एक तुकडा लागेल.